जुनं खरेदीखत वाचताना: ‘पैकी’, ‘मुदत’ आणि ‘आणे’

आधी हा मजकूर सावकाश वाचा. खत खरं नाही, नमुना म्हणून रचलं आहे. पण यातला एकेक शब्द शंभर वर्षांपूर्वीच्या खतांमध्ये सर्रास भेटतो.

“शके १८५५ श्रीमुखनाम संवत्सरे माघ शुद्ध ५ ते दिवशी, गोविंदा बिन बाळा, वस्ती मौजे मजकूर, यांसी राघू बिन सटवा, खुद्द व अज्ञान पुतण्या लक्षुमण बिन धोंडू याचे अ.पा.क., वस्ती मौजे मजकूर, कारणे मुदत खरेदीखत लिहून देतो ऐसे जे, मौजे मजकूर येथील जमीन सर्व्हे नंबर ४७ पैकी पोटहिस्सा २, क्षेत्र ३-२०, त्यात आमचा हिस्सा ५ आणे ४ पै, जल तरु तृण काष्ठ पाषाण निधी निक्षेपसहित, सरकारदेणे व घरखर्चाकरिता रुपये ५०० रोख भरून पावून तुमचे कबजात दिली असे. पाच वर्षांचे आत रुपये परत केल्यास जमीन माघारी द्यावी. न केल्यास हेच खत कायम खरेदी समजावे. याउपर कोणी दिक्कत हरकत केल्यास आम्ही स्वखर्चाने निवारण करून देऊ, तुम्हांस तोशीस लागू देणार नाही.”

‘निक्षेप’ किंवा ‘तोशीस’ वाचताना माणूस अडखळतो, कोणाला तरी विचारतो आणि अर्थ समजून घेतो. चूक होते ती ‘खरेदी’, ‘आणे’, ‘पैकी’, ‘वर्ग’, ‘मजकूर’ या शब्दांवर, कारण ते आपल्याला येतात असं वाटतं. म्हणून हेच खत वरून खाली एकेक तुकडा घेऊन वाचू.

मोडीतलं खत असेल तर

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली कितीतरी खतं मोडीत आहेत. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकाराचा भेद नसतो, त्यामुळे वाचणाऱ्याला संदर्भावरून शब्द तोडावे लागतात. मोडी जाणणाऱ्याकडे काम देताना भाषांतर मागू नका, ओळीला ओळ असं लिप्यंतर मागा. जाणकारानं ‘मुदत खरेदी’चं आपल्या समजुतीनं नुसतं ‘खरेदी’ करून टाकलं, तर खताचा जीवच गेला. न लागलेली अक्षरं रिकामी ठेवायला सांगा.

दोन दंडांची ‘॥’ ही खूण दोन कामं करते. अक्षरामागे आली तर शब्दाचा संक्षेप: प॥ म्हणजे परगणे, क॥ म्हणजे कसबे. आकड्यामागे आली तर अर्धा. ४। म्हणजे सव्वाचार, ४॥ म्हणजे साडेचार, ४॥। म्हणजे पावणेपाच. पूर्णविरामाचा दंड समजून ती खूण सोडून दिली की साडेचार रुपयांचे चार होतात. नक्कल करणाऱ्याच्या हातून असं पूर्वीही होत असे. म्हणून मूळ खत आणि नक्कल यांतले आकडे नेहमी ताडून पाहावेत.

तारीख

शके वर्षात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे शाळेत शिकवतात. पण शके चैत्रात बदलतं आणि इसवी सन जानेवारीत. मधल्या महिन्यांसाठी, म्हणजे इंग्रजी वर्ष पालटल्यापासून फाल्गुन अखेरपर्यंत, ७९ मिळवावे लागतात. नमुन्यातलं शके १८५५ चं माघ शुद्ध ५ हे १९३३ मध्ये येत नाही, ते येतं जानेवारी १९३४ मध्ये. शुद्ध म्हणजे शुक्ल पक्ष, वद्य म्हणजे कृष्ण पक्ष. वर्षाचा फरक किरकोळ वाटेल, पण मुदती याच तारखेपासून मोजल्या जातात.

मराठवाड्यातल्या निजामी काळच्या कागदांवर फसली सन असतो. त्यात ५९० मिळवायचे: फसली १३४० म्हणजे १९३०-३१. फसली वर्ष तिथे ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई, त्यामुळे एक फसली सन दोन इंग्रजी वर्षांवर पसरतो.

पेशवाईतल्या कागदांवर अरबी, म्हणजे सुहूर सन असतो, आणि तोही अक्षरी. उदाहरणार्थ ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’. हे उलट्या क्रमानं वाचायचं. इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००, बेरीज ११६१. हा सन मृगाला, मे-जूनच्या सुमारास सुरू होतो. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणून जानेवारी १७६१ ची पानिपतची लढाई याच ११६१ सालात पडते. एकं असे: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. दहं असे: अशर, अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. मयातैन म्हणजे २००. या सनाबरोबर ‘छ’ अक्षर आणि मुसलमानी महिना दिसला तर ती चांद्र तारीख समजावी.

कोण कोणाला लिहून देतो

‘गोविंदा यांसी राघू लिहून देतो’, म्हणजे घेणारा गोविंदा आणि विकणारा राघू. ‘मजकूर’ म्हणजे आज आपल्या लेखी लिखाण. खतात त्याचा अर्थ ‘वर सांगितलेला’. मौजे मजकूर म्हणजे तेच गाव. त्यामुळे गावाचं नाव फक्त पहिल्या ओळीत किंवा स्टँपाच्या डोक्यावर एकदाच असतं; तो कोपरा फाटला की पूर्ण खत निनावी गावाचं होऊन बसतं. नक्कल काढताना डोकं नीट आलं आहे ना, हे पाहा.

‘बिन’ आणि ‘वल्लद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, आणि ‘भ्रतार’ म्हणजे नवरा. ‘जनाबाई कोम बाळा’ या नावात बाळा हा नवरा आहे. त्याला बाप समजून वंशावळ मांडली की ती एका पिढीनं घसरते आणि वारसांची सगळी गणितं चुकतात.

‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालन कर्ता. अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे, वयानं लहान. ही तीन अक्षरं दिसली की थांबा. विकणाऱ्यांत एक मूल होतं आणि त्याच्या वतीनं मोठ्या माणसानं सही केली, असा त्याचा अर्थ. त्याच्या जोडीला ‘ए.कु.मॅ.’ किंवा ‘ए.कु.पु.’ भेटतं: एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा पुढारी. सातबारावर एकट्याचं नाव आणि त्यापुढे ए.कु.मॅ. असेल, तर जमीन त्या एकट्याची नव्हे, कुटुंबाची. ‘मोठ्या चुलत्याच्या नावावर होती, म्हणजे त्याचीच होती’ हा वाद या अक्षरांपाशी मिटू शकतो, म्हणून जुन्यात जुना फेरफार (हक्क बदलल्याची गावदप्तरातली नोंद) काढून ती शोधावीत.

‘सरकारदेणे व घरखर्चाकरिता’ हे शब्द याच्याशीच जोडलेले आहेत. हिंदू कायद्यात एकत्र कुटुंबाच्या मॅनेजरला किंवा पालकाला इतरांचा हिस्सा विकायचा तर कायदेशीर गरज किंवा कुटुंबाचं हित दाखवावं लागे. म्हणून खतलेखक पैशांचं कारण आवर्जून घालत. १९५६ च्या कायद्यानंतर अज्ञानाची स्वतंत्र स्थावर मिळकत विकायला नैसर्गिक पालकालाही कोर्टाची परवानगी लागते. तशी परवानगी न घेता विक्री झाली असेल, तर ते मूल सज्ञान झाल्यावर ती रद्द करून घेऊ शकतं; त्याला मुदत आहे सज्ञान झाल्यापासून तीन वर्षं.

खताचं नाव: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

‘खरेदीखत’ एवढ्यावर समाधान मानू नये. त्याच्या आधी कोणता शब्द आहे ते बघा.

‘कायम खूष खरेदी’ किंवा ‘फरोक्त’ म्हणजे कायमची विक्री, परतीची वाट नाही. ‘साठेखत’ म्हणजे विकण्याचा करार. त्यानं मालकी जात नाही, पुढे खरेदीखत व्हावंच लागतं. ‘विसार’ म्हणजे इसाऱ्याची रक्कम. ‘नजरगहाण’ म्हणजे जमीन मालकाच्या ताब्यातच राहते, सावकाराची फक्त तिच्यावर नजर. ‘कबजेगहाण’ किंवा ‘ताबेगहाण’ म्हणजे जमीन सावकार कसतो आणि पीक व्याजापोटी खातो.

आणि ‘मुदत खरेदी’. नावात खरेदी आहे, पोटात बहुधा कर्ज आहे. गरजू शेतकरी पाचशे रुपये घेतो, जमीन ‘विकतो’, पाच वर्षांत पैसे दिले तर जमीन परत, नाहीतर कायमची गेली. सावकाराला हा साचा सोयीचा होता, कारण गहाण सोडवायला दीर्घ मुदत मिळते आणि विक्रीला ती नसते. अशा व्यवहारांत जमिनी गेल्याचा राग १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी उफाळला आणि पुणे-नगर भागात सावकारांची खतं जाळली गेली. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा आला. कागदावर काय लिहिलंय याच्या मागे जाऊन खरा व्यवहार काय होता, हे तपासायची मुभा त्यानं कोर्टांना दिली.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतर कायद्याचं कलम ५८ अशा व्यवहाराला ‘शर्तीच्या विक्रीचं गहाण’ म्हणतं. १९२९ च्या दुरुस्तीनं त्याला एक अट जोडली. परतीची शर्त त्याच दस्तात हवी, वेगळ्या कागदावर असेल तर ते गहाण धरलं जाणार नाही. म्हणजे पहिली कसोटी सोपी आहे: परतीचं वाक्य याच खतात आहे की वेगळ्या करारात? पण शर्त त्याच खतात आहे म्हणून ते आपोआप गहाण ठरतं असंही नाही. किंमत बाजारभावापेक्षा फारच कमी होती का, ताबा खरोखर बदलला का, शेतसारा कोण भरत राहिलं, व्याजाचा उल्लेख आहे का, हे सगळं मिळून कोर्ट हेतू ठरवतं. म्हणून मुदत खरेदी हाती आली तर त्या पाच-दहा वर्षांतले साऱ्याच्या पावत्या आणि पीकपाण्याचे उतारे त्याच फाइलला लावा.

गहाण सोडवण्याच्या दाव्याची मुदत १९०८ च्या कायद्यात ६० वर्षं होती, १९६३ च्या कायद्यानं ती ३० वर आणली. नमुन्यातल्या खताची पाच वर्षं जानेवारी १९३९ मध्ये भरतात, म्हणजे त्यावरचा दावा केव्हाच मुदतबाह्य झाला. अशा खतावर आज खर्च करायला निघालेल्या कुटुंबाला हे स्पष्ट सांगायला हवं. कबजेगहाणाचं मात्र तसं नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कबजेगहाणात मुदत गहाणाच्या तारखेपासून धावत नाही. पिकातून किंवा रोखीनं देणं फिटल्यावर धावते. नुसती वर्षं उलटली म्हणून गहाण घेणारा सावकार मालक होत नाही. एका शब्दाच्या फरकानं एका घराची जमीन हातची जाते आणि दुसऱ्याची अजून परत मिळू शकते.

‘तहहयात’ हाही असाच शब्द: हयात असेपर्यंत. विधवा सुनेला ‘पोटगीदाखल तहहयात’ जमीन दिल्याची खतं खूप आहेत. तिच्यानंतर जमीन परत घराकडे, असा त्यांचा हेतू असे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ नं, पोटगीच्या हक्कापोटी मिळालेल्या आणि तिच्या ताब्यात असलेल्या जमिनीची तिला पूर्ण मालकीण केलं. मात्र आधीचा कोणताही हक्क नसताना बक्षीसपत्रानं किंवा मृत्युपत्रानं पहिल्यांदाच मर्यादित हक्क दिला असेल, तर ती मर्यादा टिकते. म्हणून ‘तहहयात’च्या शेजारी ‘पोटगी’ आहे का, हे पाहणं फार महत्त्वाचं.

जमीन किती आणि कोणती

नमुन्यात क्षेत्र ३-२० आहे. हे दशांशात नाही, ३ एकर २० गुंठे आहेत. म्हणजे साडेतीन एकर. एकराचे ४० गुंठे. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची होती. एक चौरस साखळी म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच गुंठा. गुंठ्याचे पुन्हा १६ आणे. नव्या उताऱ्यावर हेक्टर-आर असतं, तिथे १ एकर म्हणजे ४०.४७ आर. त्यामुळे ३-२० चं नव्या मापात साधारण १ हेक्टर ४१.६ आर व्हायला हवं. उताऱ्यावर मोठा फरक दिसला तर पोटखराब (लागवडीला न येणारी जमीन) वेगळा दाखवला आहे का, हे आधी तपासा.

बिघे आणि चावर दिसले तर घाईनं एकर करू नका. शिवकाळातल्या मोजणीत पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर. पण काठीची लांबी मुलखागणिक बदलत गेली. त्या गावच्या जुन्या मोजणीच्या कागदांशी ताडल्याशिवाय आकडा कोणाला सांगू नये.

आता ‘हिस्सा ५ आणे ४ पै’. पूर्ण मिळकत म्हणजे एक रुपया, त्याचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, एकूण १९२ पै. ५ आणे ४ पै म्हणजे ६४ पै, म्हणजे बरोबर एक तृतीयांश. तीन भावांची वाटणी असली की हाच आकडा येतो. १० आणे ८ पै म्हणजे दोन तृतीयांश, २ आणे ८ पै म्हणजे एक षष्ठांश. नमुन्यातले १४० गुंठे भागिले तीन केले की ४६ गुंठे आणि साधारण १०॥। आणे येतात. या शेवटच्या ओळीतले ‘आणे’ गुंठ्याचे आहेत, हिश्शाचे नव्हेत. पिकाची आणेवारी (पीक रुपयात किती आणे आलं याचा अंदाज) हा तिसराच प्रकार. मागे गुंठे आहेत की रुपया, हे पाहून अर्थ लावायचा.

‘पैकी’ या दोन अक्षरांवर कोर्टांत वर्षानुवर्षं गेली आहेत. ‘सर्व्हे नंबर ४७’ म्हणजे अख्खा नंबर. ‘४७ पैकी’ म्हणजे त्यातला तुकडा. उलट अर्थाचा शब्द ‘दरोबस्त’: काही न वगळता सगळं. ‘पैकी’ आहे आणि चतुःसीमा (चारी दिशांच्या हद्दी) नाही, तर तुकडा नेमका कुठला हे खत सांगतच नाही. ते फाळणीच्या नकाशावरून किंवा प्रत्यक्ष वहिवाटीवरून शोधावं लागतं. चतुःसीमा असेल आणि ती क्षेत्राशी जुळत नसेल, तर साधारणपणे ठाम खुणांच्या सीमा क्षेत्राच्या आकड्यापेक्षा वजनदार मानल्या जातात. ओढा, पांद, शिव या खुणा टिकतात. ‘पूर्वेस तुका बिन राणू’ असं असेल, तर त्या काळी शेजारचा नंबर तुकाच्या नावावर होता का, हे फेरफार नोंदींतून जुळवावं. हक्कपत्रक (जमिनीवरच्या हक्कांची नोंदवही, फेरफार तिच्यासाठीच होतात) १९०३ च्या कायद्यानं आलं, त्याआधीच्या खतांसाठी फेरफार मिळणार नाही.

आजच्या उताऱ्यावर सर्व्हे नंबराऐवजी गट नंबर असेल, तर मध्ये १९४७ च्या कायद्याची, विखुरलेले तुकडे एकत्र करण्याची एकत्रीकरण योजना झाली आहे. गट ४७ आणि सर्व्हे ४७ यांचा काही संबंध नसतो. भूमी अभिलेख कार्यालयातून योजनापत्रक काढून जुना-नवा नंबर जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हक्क, अटी, हमी

‘जल तरु तृण काष्ठ पाषाण निधी निक्षेपसहित’ ही ओळ इनामपत्रांतून खरेदीखतांत उतरली. पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड, पुरलेलं धन आणि ठेव, सगळं जमिनीसोबत. इनामपत्रांत तिच्याआधी ‘कुलबाब कुलकानू, हल्ली पट्टी व पेस्तर पट्टी’ येतं: सगळे कर आणि उपकर, आत्ताच्या आणि पुढे बसतील त्या पट्ट्यांसह. नंतर ‘खेरीज हक्कदार व इनामदार करून’, म्हणजे आधीच्या हक्कदारांचं वगळून. ‘जल तरु’ची ओळ विकणाऱ्याकडे होतं तेवढंच देते. ‘पाषाण’ लिहिलंय म्हणून खाण काढून दगड विकता येत नाही, त्याला परवानगी आणि स्वामित्वधन लागतं. ‘निधी’ लिहिलंय म्हणून हंडा आपला होत नाही. १८७८ च्या कायद्यानं दहा रुपयांवरचं पुरलेलं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं.

‘जुडी’ दिसली तर जमीन इनाम होती. जुडी म्हणजे इनामावरचा सवलतीचा सारा. साध्या रयतेच्या जमिनीवर ‘आकार’ असतो. ‘खालसा’ म्हणजे सरकारी साऱ्याची, ‘दुमाला’ म्हणजे इनामात दिलेली. यापुढचा प्रश्न इनामाचा वर्ग कोणता. वर्ग ३ म्हणजे देवस्थान इनाम. ती जमीन पुजाऱ्याच्या किंवा वहिवाटदाराच्या खरेदीखतानं सहज हस्तांतरित होत नाही. वर्ग ६ ब मध्ये गावकामगारांची वतनं येतात, महार वतनही त्यातच. त्यांच्या विक्रीवरची बंधनं आजही उताऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ किंवा ‘नवी शर्त’ (विकायला सरकारी परवानगी लागणारी जमीन) म्हणून दिसतात. इनामाचा ‘वर्ग’ आणि भोगवट्याचा ‘वर्ग’ यांची गल्लत करू नका. एक जुना, दुसरा आजचा.

‘दिक्कत हरकत’ आणि ‘तोशीस’ ही सजावट नव्हे. दिक्कत म्हणजे शंका, अडथळा. तोशीस म्हणजे झळ, भुर्दंड. कोणी हक्क सांगत आलं तर विकणारा स्वखर्चानं निवारण करेल, ही हमी आहे. ती नसलेलं खत दिसलं तर विकणाऱ्याला स्वतःच्याच हक्काची खात्री नव्हती का, हे विचारायला जागा आहे.

शेवटचं पान आणि पाठ

सहीच्या जागी ‘निशाणी नांगर’ असेल तर शेतकऱ्यानं नांगराचं चित्र काढून सही केली. बायकांची निशाणी बांगडी. ‘दस्तुरखुद्द’ म्हणजे स्वतःच्या हातची सही. ‘बिकलम’ म्हणजे ज्याच्या लेखणीनं खत उतरलं तो. त्याला साक्षीदार समजू नका, साक्षी वेगळ्या असतात. ३० वर्षांपेक्षा जुना कागद योग्य ताब्यातून आला असेल तर त्यावरच्या सह्या आणि अक्षर खरं असल्याचं कोर्ट गृहीत धरू शकतं. मजकूर खरा असल्याचं मात्र नाही.

मग खत उलटं करा. पाठीवर स्टँप विकणाऱ्याची नोंद असते: कोणाला, कोणत्या तारखेला, किती रुपयांचा. ती तारीख खताच्या तारखेच्या नंतरची असेल तर खत मागच्या तारखेचं दाखवून केलेलं आहे. राजाचं चित्रही पाहा. पाचवे जॉर्ज जानेवारी १९३६ पर्यंत होते. १९३४ च्या खताला सहाव्या जॉर्जचा स्टँप असूच शकत नाही. शेवटी नोंदणीचा शिक्का: पुस्तक नंबर १, दस्त नंबर, पान. शंभर रुपयांवरच्या स्थावराच्या विक्रीला नोंदणी सक्तीची आहे. तो नंबर घेऊन दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सूची क्रमांक २ पाहा, ती मिळकतीनुसार असते. सूची १ नावानुसार. तिथली नक्कल आणि हातातलं खत समोरासमोर ठेवून आधी आकडे ताडा, मग नावं, आणि मग ‘पैकी’ आणि ‘मुदत’ दोन्हीकडे आहेत ना, ते.